सांबारचं चवीपुरतं मीठ

चहा घ्या आधी. हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी आठ दिवस विचार करत होते. पण आमच्या सोसायटीत वॉचमनपासून इस्त्रीवालीपर्यंत सगळ्यांना हा किस्सा पाठ झालाय. मग तुम्हीच काय घोडं मारलंय? आणि माझ्या तोंडून ऐकलात तर निदान माझी बाजू तरी कळेल. बाजू तशी फार मोठी नाही. मी एका कुत्र्याला मीठ घातलं. चवीपुरतं.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको.

आम्ही राहतो चेन्नईत, शोळिंगनल्लूरला. आजूबाजूला सगळ्या काचेच्या इमारती, त्यात कॉम्प्युटरवाली पोरं. आम्ही मूळचे कोरेगावकडचे. आमच्या ह्यांनी इथल्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर गावी जायचं सोडून इथेच फ्लॅट घेतला. मला लोक चौकस म्हणतात. हे दुसरा शब्द वापरतात, तो इथे सांगत नाही. पण मला सांगा, शेजारच्या दारात पार्सल येऊन पडलंय, तर ते कशाचं आहे हे हलवून बघायला नको? उद्या त्यांनी विचारलं तर?

आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात केतकी आणि ओंकार. दोघं नाशिकची. ती कॉम्प्युटरवर, तो गाड्यांच्या कारखान्यात. पोरगी इतकी गोड, की मी तिला पहिल्याच दिवशी चार प्रश्न जास्त विचारले. त्यांचा कुत्रा आहे, गावठी. दोन वर्षांपूर्वी कोवलमच्या किनाऱ्यावर फिरायला गेली होती ही दोघं, तिथे एका होडीखाली हे पिल्लू सापडलं. रंग असा तांबूस-पिवळा, म्हणून ओंकारने नाव ठेवलं सांबार.

मे महिन्यात केतकीच्या भावाचं नाशिकला लग्न निघालं. लग्नाच्या साड्या टी. नगरला तीन चकरा मारून मीच तिला निवडून दिल्या होत्या, त्यामुळे लग्न जवळजवळ माझ्याच घरचं. आणि ही म्हणते, आम्ही दोघं जाणार, सांबारला पाच दिवस कुत्र्यांच्या हॉस्टेलात ठेवते.

"हॉस्टेलात?" मी म्हणाले. "अगं, मी काय मेले का?"

"काकू, तुम्हाला त्रास कशाला."

"तीन पोरं वाढवलीत मी. एक माझी, दोन नणंदेची."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त जाते हं, काकू. याच्याशिवाय मी एक दिवस राहिलेली नाही." असं म्हणून तिने माझ्या हातात किल्ली दिली, कुत्र्याचा पट्टा दिला आणि दोन पानी यादी दिली. आमच्या लेकीच्या बाळंतपणात डॉक्टरने एवढी यादी दिली नव्हती. सकाळी काय, संध्याकाळी काय, कुठल्या झाडापाशी थांबतो, कुठल्या मांजराशी वैर आहे, सगळं. आणि पहिल्या पानावर एक ओळ, तिच्याखाली तीन रेघा.

"ही तेवढी फार महत्त्वाची, काकू. मीठ नाही."

"कमी घालू?"

"नाहीच घालायचं."

"चवीपुरतं?"

"चवीपुरतं पण नाही. त्याला जेवढं लागतं तेवढं त्याच्या खाण्यात असतंच. वरून काही नको. पापड नको, फरसाण नको, लोणचं नको."

"लोणचं कुत्र्याला कोण देतं गं," मी म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी मी यादी चष्मा लावून वाचली आणि शब्दन् शब्द पाळली. भात, उकडलेली कोंबडी, गाजर. ताटलीत काढलं आणि माझा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. आता ही काय माझी चूक आहे का? आमच्याकडे पान वाढायचं म्हणजे सगळ्यात आधी वर मधोमध मीठ. मग लिंबू, मग चटणी, मग बाकीचं. आईने हात धरून शिकवलंय. मिठाशिवाय पान मांडलं तर ती ताट उचलून परत ठेवायला लावायची. अळणी भात मी अख्ख्या आयुष्यात एकदाच शिजवला, सासऱ्यांच्या पिंडाला. आणि इथे हा धडधाकट, शेपूट हलवणारा जीव माझ्यासमोर बसलेला, आणि मी त्याच्यापुढे पिंडाचा भात ठेवायचा?

तरी ठेवला. यादी म्हणजे यादी.

सांबारने अर्ध्या मिनिटात ताटली साफ केली. मग ती चाटत चाटत फ्रिजपर्यंत ढकलत नेली. तुम्ही म्हणाल, म्हणजे आवडलं की. तसं नसतं. त्याने नंतर माझ्याकडे पाहिलं ना, त्या नजरेत काहीतरी कमी होतं. मला लगेच कळलं काय कमी होतं.

संध्याकाळी चिमूटभर घातलं.

त्याने पुन्हा अर्ध्या मिनिटात ताटली साफ करून फ्रिजपर्यंत नेली.

"बघा," मी ह्यांना म्हणाले, "आता कसं मनापासून खाल्लं."

"सकाळीही असंच खाल्लं होतं."

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला यादी कळते," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. ह्यांना साखर आहे, त्यामुळे पथ्य या विषयावर ते फार गर्वाने बोलतात.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. मला बीपीची गोळी आहे. डॉक्टरने पापड-लोणचं बंद सांगितलंय. म्हणून मी रोज चार वाजता स्वयंपाकघराचं दार लावून घेते, पापडाचा डबा उघडते आणि एकच पापड भाजते. फार तर दोन. डबा स्टीलचा, आईच्या वेळचा. झाकण इतकं घट्ट, की उघडताना टण्ण वाजतं. ह्यांना हॉलमध्ये ऐकू येत नाही, कारण मी त्याच वेळी मिक्सर लावते.

दुसऱ्या दिवशी टण्ण वाजलं आणि माझ्या पायाशी सांबार. दाराआडून कधी आत आला, कळलंही नाही. अशी मान वाकडी करून बसला, की बस. तीन वर्षं मी तो पापड एकटीने चोरून खात होते हो. चोरीत सोबत मिळण्यात काय सुख असतं, ते चोरालाच माहीत. एक तुकडा त्याला, एक मला. कुर्रम कुर्रम. त्यानंतर नुसतं टण्ण झालं, की तो बाल्कनीतून सुद्धा धावत यायचा.

मग आली सेल्वी. ही आमच्याकडे भांडी-फरशीला येते, आणि तिची बहीण कोवलमला मासळी वाळवते. सेल्वी अधूनमधून मला करुवाडू आणून देते. म्हणजे आपला सुका मासा, मिठात मुरवून वाळवलेला. मला ते बघितल्यावर विचार सुचला, आणि मला विचार सुचला की आमचे हे घाबरतात. हा कुत्रा जन्मला कुठे? कोवलमला, होडीखाली, या खारट वासात. त्याच्या माहेरचं खाणं म्हणजे हेच. नाशिकच्या पोरीला काय ठाऊक? मी दोन तुकडे भातात कुस्करले. तो जे जेवला ते बघून माझे डोळे भरून आले.

आणि लोणचं. तर लोणचं मी दिलंच नाही. दहीभातावर लिंबाच्या लोणच्याचा नुसता खार घातला. फोडी मी खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांबारने पाण्याचं भांडं रिकामं केलं. मी भरलं. त्याने रिकामं केलं. असं पाच वेळा. मग जे व्हायचं ते सुरू झालं. हे त्याला घेऊन दोनदा खाली गेले, चारदा गेले. सहाव्या वेळी लिफ्टमध्येच कार्यक्रम उरकला. सातव्या वेळी ह्यांच्या बाटाच्या चपलेत.

मी विचार केला. तहान फार. सारखी लघवी. जेवलं तरी भूक. हे मी कुठे पाहिलंय? अहो, घरातच पाहिलंय. ह्यांचं निदान झालं तेव्हा अगदी हेच होतं.

"याला साखर झाली," मी जाहीर केलं.

"कुत्र्याला?"

"का, कुत्रा माणूस नाही का? तुमचं ते बोटाला टोचायचं मशीन द्या जरा."

ह्यांनी मशीन उचललं, खिशात घातलं आणि दिवसभर ते खिशातच ठेवलं. आंघोळीला जाताना सुद्धा टॉवेलात गुंडाळून नेलं. मग मी काय करणार? साखरेला मेथीचं पाणी चांगलं. रात्रीची भिजवलेली मेथी घरात होतीच, तिचं पाणी काढून त्याच्यापुढे ठेवलं. कडूजहर. तो पिईना.

म्हणून त्यात चवीपुरतं मीठ घातलं.

चौथ्या दिवशी त्याचा नूर उतरला. उभा राहायचा, बसायचा, पुन्हा पाण्याशी. तोवर मी मजल्यावरच्या सगळ्यांना साखरेची बातमी दिलेली होती. सेल्वी आली, फरशी पुसता पुसता त्याच्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "अम्मा, साखर नाही, बिखर नाही. दृष्ट लागलीय. काल खाली बागेत सगळ्या बायका म्हणत होत्या, काय तुकतुकीत कुत्रा आहे."

हे मात्र पटलं. मीच सगळ्यांना बोलावून दाखवला होता. दृष्ट काढायची म्हणजे मीठ-मोहरी, आणि ओवाळून झालं की निखाऱ्यावर टाकायचं. पण फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? गॅसवर टाकलं तर वरच्या मजल्यावरची फायर ब्रिगेडला फोन करेल.

"आमच्यात पाण्यात टाकतात," सेल्वी म्हणाली. "जाडं मीठ ओवाळायचं, पाण्यात सोडायचं. मीठ विरघळलं की दृष्ट विरघळली."

सोपं काम. मी ओंजळभर जाडं मीठ घेतलं. ओंजळभरच का? दृष्ट सगळ्या सोसायटीची होती ना. सांबारला बाल्कनीत बसवलं, तीनदा ओवाळलं, आल्यागेल्याची, बागेतल्या बायकांची, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मांजराची, सगळ्यांची नावं घेतली आणि मीठ अर्ध्या बादली पाण्यात सोडलं. सेल्वी गेली. तेवढ्यात माझा फोन वाजला. केतकीचा, व्हिडिओवाला.

मी सोफ्यावर बसले आणि हसरा चेहरा केला. तिच्या हाताला मेंदी, अंगावर आम्ही घेतलेली ती डाळिंबी साडी. मागे सनई.

"काकू, कसा आहे माझा सांबार?"

"मजेत गं. तू लग्न बघ."

"खातोय ना नीट?"

"ताटली चाटून."

"यादीतलंच ना, काकू?"

"यादी फ्रिजवर आहे," मी म्हणाले. यात खोटं काय आहे? फ्रिजवरच होती.

ती हसली आणि एकदम थांबली. "काकू, तुमच्या मागे तो काय करतोय?"

मी वळून बघितलं. बाल्कनीच्या दारातून फक्त शेपूट दिसत होतं. बाकीचा सांबार बादलीत होता. लपलप लपलप.

"पाणी पितोय," मी म्हणाले.

"बादलीतून? एवढं?"

"कत्तरीचं ऊन आहे गं इथे. माणसं सुद्धा बादलीतून पितायत." आणि फोन ठेवला. तुम्हाला सांगते, कत्तरी म्हणजे इथला वैशाखवणवा. ते तरी खरं होतं.

धावत जाऊन बादली ओढली. बरंचसं उरलं होतं, पण पोटात गेलं ते गेलंच. पाच मिनिटांनी त्याला उलटी झाली. मग दुसरी. मग तो भिंतीला टेकून आडवा झाला आणि त्याचे मागचे पाय थरथरायला लागले.

इथे मात्र मी हसत नाही, आणि तुम्हीही थांबा जरा. किल्ली देताना ती पोरगी काय म्हणाली होती, तेच कानात. "तुम्ही आहात म्हणून." उद्या ती येईल, दार उघडेल आणि विचारेल, माझा सांबार कुठाय?

ह्यांनी पेपर टाकला. सांबारला चादरीत घेतलं, खाली रिक्षा थांबवली आणि मोठ्या रस्त्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात आम्ही पोचलो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. केसात मोगऱ्याचा गजरा, नाकात दोन्हीकडे चमकी, अस्सल इथल्या. सांबारला टेबलावर घेतलं, डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, रक्त काढलं. मग वही उघडली आणि तमिळमध्ये मला विचारलं, काय काय खाल्लं यानं?

माझं तमिळ तीस वर्षांचं आहे. बाजारात चालतं, डॉक्टरपुढे घाबरतं. मी सांगितलं, भात, कोंबडी, गाजर.

"अजून?"

"अजून काही नाही."

आमचे हे खाकरले. ते खाकरले की मला कळतं. मी चेहरा तसाच ठेवून मराठीत म्हणाले, "तुम्ही गप बसा. माशाचं सांगू नका."

"अगं, सांगायला नको का? औषध कसं देणार त्या?"

"माशाच्या दोन तुकड्यांनी काय होतंय? आणि तुम्ही नव्हता तिथे."

"दोन वेळा दोन तुकडे. मी होतो. आणि पापड?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ह्यांना पापडाचं माहीत आहे. "कुठला पापड?"

"मिक्सरवाला. रोज चार वाजता रिकामा मिक्सर फिरतो, ते मला कळत नाही?"

"बरं, पण लोणचं दिलं नाही मी."

"खार दिलास."

"खार म्हणजे लोणचं नव्हे. आणि ते मेथीचं पाणी तुमच्यासाठीच भिजवलं होतं, मीठ तेवढं मी घातलं. आता बादलीचं बोललात तर बघा. या बाईला काय वाटेल, वेडी आहे म्हणेल."

डॉक्टरीणबाई खाली मान घालून लिहीत होत्या. मला वाटलं, वजन-बिजन लिहितायत. लिहून झालं, पेन ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि वही वाचायला लागल्या.

"मासा, दोन वेळां. पापड, रोज. लोणच्याचा खार. मेथीचें पाणी, मीठ घालून. बादलीचें अजून सांगितलें नाहींत, तें सांगा."

मी टेबलाला धरलं.

"आम्हीं तंजावूरचे," त्या म्हणाल्या. "घरांत मराठीच बोलतों. तीनशें वर्षें."

अहो, शब्द सगळे आपलेच, पण जुन्या पोथीतले, आणि चाल पक्की तमिळ, वाक्याच्या शेवटी झोका देणारी. तीस वर्षं मी या गावात बसमध्ये, भाजीबाजारात, साडीच्या दुकानात लोकांसमोर मराठीत काय काय बोलले असेन, ते सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. शोळिंगनल्लूर ते टी. नगर, सगळे थांबे.

बादलीचं सांगितलं. ओवाळण्यासकट.

"मीठ किती घालतां तुम्हीं याचे जेवणांत?"

"फार नाही हो," मी म्हणाले. "चवीपुरतं."

"कोणाचे चवीपुरतें?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे बघत होते.

त्या बाई चिडल्या नाहीत. तेच अवघड गेलं. शांतपणे सांगितलं, की कुत्र्याला मीठ लागतं, पण अगदी थोडं, आणि ते त्याच्या खाण्यात आधीच असतं. आपल्याला घामावाटे मीठ बाहेर टाकता येतं, त्याला तसा अंगभर घाम नाही. जास्त झालं की आधी तहान, मग लघवी, मग उलट्या, मग थरथर, आणि खूपच झालं तर जीव सुद्धा जातो. याचं तेवढं झालेलं नाही, उलटीत बरंचसं बाहेर पडलं, रक्तातलं मीठ थोडंच वर आहे. सलाईन लावू आणि संध्याकाळपर्यंत बघू. पाणी द्यायचं, पण थोडं थोडं, एकदम नाही.

"आणि कुत्र्यास जेवण अळणी वाटतें, असें कोणी सांगितलें तुम्हांस?" त्यांनी विचारलं. "त्यास वास पुरतो. चव आपल्यास पाहिजे."

तीन तास मी त्या दवाखान्याच्या फरशीवर बसले. खुर्ची होती, पण सांबार खाली गादीवर होता. त्याच्या पायाला सुई, आणि डोकं माझ्या मांडीवर. ज्या बाईने हे सगळं केलं तिच्याच मांडीवर. एकदा त्याने डोळे उघडले आणि माझा हात चाटला. हाताला मीठ होतं, ओवाळलेलं. मी उठून बेसिनवर हात धुऊन आले. दोनदा धुतले.

चारच्या सुमाराला पाय थरथरायचे थांबले. पाचला त्याने शेपूट एकदा हलवलं. सहाला तो उठून उभा राहिला आणि दवाखान्यातल्या एका मांजराच्या पिंजऱ्याकडे बघून गुरगुरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्या घरी.

निघताना ह्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "डॉक्टर, हिला पण बीपी आहे. हिला पण मीठ बंद सांगितलंय."

"बरें झालें," त्या म्हणाल्या. "घरांत दोघांस एकच पथ्य."

केतकीला फोन लावायचा होता. हे म्हणाले, मी सांगतो. मी म्हणाले, नाही, घातलं मी, सांगणार मी. सगळं सांगितलं. पापडापासून बादलीपर्यंत. मधेच पाणी प्यायले आणि पुढचं सांगितलं. पलीकडे नुसती सनई वाजत होती.

"केतकी, रागव गं," मी म्हणाले. "पण बोल काहीतरी."

"आता कसा आहे तो?"

"झोपलाय. घोरतोय."

"काकू," ती म्हणाली, आणि मला कळलं की ती रडत होती, "तुम्ही लगेच नेलंत ना, ते बरं केलंत." आणि मग, "पण बादलीतून माणसं पाणी पितायत म्हणालात तुम्ही मला."

"म्हणाले गं."

"काकू!"

एवढंच म्हणाली. पण ते काकू मला अजून ऐकू येतं.

ती परत आली, तेव्हा सांबार तिच्या अंगावर अशा उड्या मारायला लागला की लग्नाच्या बांगड्या फुटल्या. अर्धा तास ती त्याला कुरवाळत बसली, माझ्याशी फारसं बोलली नाही. मी समजले. किल्ली टेबलावर ठेवली आणि आले निघून. संध्याकाळी बेल वाजली. दारात केतकी. हातात लग्नाचे लाडू, आणि एक कागद.

तिने लाडू ह्यांना दिले नाहीत, साखर आहे म्हणून. मला दिले. मग सरळ स्वयंपाकघरात गेली, कागद आमच्या फ्रिजवर चिकटवला आणि किल्ली परत माझ्या हातात ठेवली. कागदावर एकच ओळ. "कुंदाकाकू: मीठ कमी." खाली तीन रेघा.

झालं, संपलं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं.

गेल्या सोमवारी दुपारी हे झोपलेले. केतकी ऑफिसात, ओंकार कारखान्यात. कितीतरी दिवसांनी मला वाटलं, एक पापड. नुसता एक. मिक्सरचं बिंग फुटलंय, म्हणून डबा टॉवेलात गुंडाळला, पोटाशी धरला आणि अगदी हळू झाकण उचललं.

टण्ण.

भिंतीपलीकडून सांबार भुंकला. एकदा नाही. भुंकतच सुटला. पंज्याने भिंत खरवडायला लागला. पापड म्हटलं की धावत यायचं, हे मीच शिकवलेलं, आता मधे भिंत आहे हे त्याला कोण सांगणार? आतून ह्यांचा आवाज आला, "डबा ठेव गं."

तेवढ्यात फोन टिंग वाजला. केतकीने घरात कॅमेरा बसवलाय, ऑफिसात बसून सांबारला बघायला. मला हे माहीत नव्हतं. आमच्या शेजारी काहीतरी नवीन आलं आणि मला माहीत नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.

तिचा मेसेज होता. "काकू, तो भिंतीवर का भुंकतोय? डबा?"

मी चष्मा लावला आणि एका बोटाने लिहिलं, "चवीपुरता गं. एकच."

लगेच उत्तर आलं.

"कुणाच्या?"